व्हिएन्नातल्या सुट्ट्या: शनिवारी सहाच्या आत दूध घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा, दोन मुलं, सासू-सासरे आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई असे सहाजण १५ मे २०२७ ला, शनिवारी दुपारी व्हिएन्नात पोचणार. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलंय. १९ मेला सकाळी साल्झबुर्गला निघायचं आहे. सोमवारी तिथे कसलीशी सार्वजनिक सुट्टी दिसते. सगळं बंद असेल का, तारखा बदलाव्यात का? सासूबाईंचा सोमवारचा उपवास असतो, सासऱ्यांना मधुमेह आहे. शिवाय युरोपला जाताना अशा सुट्ट्या आधी कशा ओळखायच्या, हेही विचारलंय.

ताई, तारखा बदलू नका. शनिवारची दुपार तेवढी बदला.

तुम्ही सोमवार पाहिलात, पण त्याला चिकटलेला रविवार हिशेबात धरला नाहीत. १७ मे हा पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार, तिथल्या भाषेत ‘फिंग्स्टमोंटाग’. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात आणि शनिवारी ती संध्याकाळी सहाला मिटतात. म्हणजे तुम्ही पोचाल त्या दिवशी सहा वाजता जे शटर खाली येईल ते मंगळवारी सकाळीच वर जाईल. विमानतळावर बॅगा येईपर्यंत, अपार्टमेंटची किल्ली ताब्यात घेईपर्यंत, मुलं ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणून झोपी जाईपर्यंत सहा वाजलेले असतात. मग रात्री साडेसातला चहा करायला जावं तर दूध नाही.

मी अठरा वर्षं मध्य युरोपात गट नेतेय. या अठरा वर्षांत लोकांना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली आहे. आपल्याकडे सण म्हणजे बाजार फुललेला. दसऱ्याला झेंडूचे ढीग, दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नाही, पाडव्याला सराफाकडे रांग. सणाच्या दिवशी दुकान बंद असतं ही कल्पनाच आपल्या डोक्यात बसत नाही. व्हिएन्नात बरोबर उलटं. तिथे सुट्टी म्हणजे दुकानातल्या माणसाचीही सुट्टी, आणि हे मालकाच्या मर्जीवर नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते रात्री नऊ, शनिवारी सहा ते सहा, एवढ्याच चौकटीत दुकान उघडता येतं. त्यातही आठवड्याचे मिळून ७२ तासांपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात बरीच दुकानं रात्री नऊच्या खूप आधीच मिटतात. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या या चौकटीच्या बाहेर.

पण दुकानं सोडली तर शहर उघडं असतं, हेही तितकंच खरं. ‘सगळं बंद असेल का’ याचं उत्तर म्हणून ‘नाही’. शॉनब्रुन राजवाडा वर्षाचे ३६५ दिवस उघडा असतो. बेल्व्हेडेर आणि अल्बर्टिनासारखी मोठी कलादालनं सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात. प्राटर या मनोरंजन उद्यानातला तो जुना आकाशपाळणा, १८९७ सालचा, सुट्टीच्या दिवशी तर जास्तच गजबजलेला असतो. कॉफीहाउस उघडी, उपाहारगृहं बहुतेक उघडी, ट्राम आणि भुयारी रेल्वे रविवारच्या वेळापत्रकाने चालू. उलट एक फायदा होतो: शुक्रवार-शनिवारच्या रात्रींप्रमाणेच सुट्टीच्या आदल्या रात्रीही भुयारी रेल्वे रात्रभर धावते. तुमच्या बाबतीत ती रविवारची रात्र. सासू-सासऱ्यांना घेऊन रात्री दोनला कोणी फिरणार नाही, पण तुम्ही दोघं एखादी मैफल ऐकून उशिरा परतलात तर टॅक्सी शोधत बसावं लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. काही संग्रहालयांचा साप्ताहिक बंद सोमवारी असतो. सोमवारीच सुट्टी आली की त्यांतली काही मुद्दाम उघडतात, काही नाही. जिथे जायचं त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ‘फायरटाग’ हा शब्द शोधा. फायरटाग म्हणजे सार्वजनिक सुट्टी. दारावरच्या पाट्यांवर ‘झोन उंड फायरटाग’ असं दिसलं तर ते रविवार आणि सुट्टीबद्दल आहे. ‘रूहटाग’ म्हणजे त्या दुकानाचा किंवा हॉटेलचा स्वतःचा आठवड्याचा बंद दिवस. ‘गेश्लोसन’ म्हणजे बंद. हे चार शब्द ओळखता आले की निम्मं जर्मन येतं असं मी गटातल्या काकांना सांगते, आणि ते दिवसभर बसच्या खिडकीतून पाट्या वाचत बसतात.

आता हे मी शिकले कसं ते सांगते. २०१५ सालचा मे. बावीसजणांचा गट, बुडापेस्टहून बसने व्हिएन्नात येत होतो. तो शनिवार २३ मे होता आणि त्याच रात्री व्हिएन्नात युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. रस्ते तुंबलेले. आम्ही साडेसहाला हॉटेलवर पोचलो. दुसऱ्या दिवशी पेंटेकॉस्टचा रविवार, तिसऱ्या दिवशी सोमवार. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या कागदावर ‘सोमवारी सुट्टी’ असं लिहिलेलं होतं. पण त्या दोन शब्दांचा अर्थ मी ‘राजवाडा उघडा आहे ना, मग झालं’ एवढाच घेतला होता. गटातल्या एका आजोबांना रात्री दहीभाताशिवाय काही चालत नसे. भात आमच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये होणार होता. दही कुठून आणायचं? हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीने शांतपणे सांगितलं, “मंगळवारी.” तिच्या आवाजात जराही खेद नव्हता, आणि तिचं चुकलंही नव्हतं. शेवटी मी रेल्वे स्टेशनवरच्या सुपरमार्केटच्या रांगेत पाऊण तास उभी राहिले. माझ्यापुढे अर्धं व्हिएन्ना उभं होतं, हातात ब्रेड आणि बिअर. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सहलीच्या कागदावर दुकानं बंद असलेले तास तांबड्या पेनने लिहिलेले असतात, दिवस नव्हे, तास.

तर स्टेशनचा मार्ग लक्षात ठेवा. प्रवाशांची सोय म्हणून मोठ्या स्टेशनांवरची काही सुपरमार्केटं रविवारी आणि सुट्टीलाही उघडी असतात. व्हिएन्नाचं मुख्य स्टेशन, म्हणजे हाउप्टबानहोफ, आणि प्राटरजवळचं प्राटरश्टेर्न ही त्यांतली दोन. विमानतळावरही सुपरमार्केट आहे. माझा सल्ला असा, की सामान हातात आल्यावर यजमानांनी बॅगांपाशी थांबावं आणि तुम्ही विमानतळावरच दूध, दही, ब्रेड, केळी घेऊन टाकावीत. दर थोडा जास्त पडेल. पडू द्या. काही बेकऱ्या रविवारी सकाळी उघडतात, पेट्रोलपंपावरच्या छोट्या दुकानात चॉकलेट, पाव, दूध मिळतं. नाशमार्क्ट हा तिथला प्रसिद्ध भाजीबाजार. बरेच जण तो रविवारसाठी राखून ठेवतात आणि बंद टपऱ्यांचे फोटो काढून परत येतात. तो मंगळवारी करा. भारतीय किराणा दुकानंही त्याच कायद्याखाली येतात, ‘आपला माणूस आहे, उघडेल’ या भरवशावर राहू नका.

पाण्याच्या बाटल्या मात्र साठवू नका. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. थंड, गोड, थेट प्यायचं. बाटलीबंद पाणी शोधत फिरणारा मराठी माणूस मला तिथे दर वर्षी भेटतो.

आणखी एक गोष्ट अपार्टमेंटपेक्षा रस्त्यावरच्या भुकेबद्दल. सुट्टीच्या दिवशी रात्री उशिरा जे हमखास उघडं असतं ते म्हणजे सॉसेजची टपरी, वुर्स्टेलश्टांड. शाकाहारी असाल तर ‘केझक्राइनर’ या नावाला फसू नका. ‘केझ’ म्हणजे चीज हे खरं, पण चीज मांसाच्या सॉसेजच्या आत भरलेलं असतं. गटातल्या एका काकूंनी ते चीजचं काहीतरी म्हणून मागवलं होतं; पुढचं सांगत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सुट्ट्या ओळखायच्या कशा. ऑस्ट्रियात वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या असतात. काहींची तारीख ठरलेली, काही ईस्टरबरोबर सरकतात. सरकणाऱ्यांनाच लोक फसतात, कारण त्या दर वर्षी वेगळ्या दिवशी येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा नेमक्या आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत पडतात. पण ज्याच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे त्याला हे गणित अवघड नाही. ईस्टरही चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्चचं पौर्णिमेचं कोष्टक स्वतंत्र आहे, त्यामुळे क्वचित फरक पडतो, पण बहुतेक वर्षी जुळतं. म्हणजे ईस्टर एकतर होळीच्या पौर्णिमेमागून येतो नाहीतर हनुमान जयंतीच्या. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला, म्हणून ईस्टर लवकर, २८ मार्चला.

एकदा तो रविवार सापडला की पुढचं बोटांवर. दुसऱ्या दिवशी ईस्टरचा सोमवार, सुट्टी. ईस्टर धरून चाळिसावा दिवस म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, सुट्टी. पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा रविवार आणि त्याला लागून सोमवार, सुट्टी. त्यानंतर दहा दिवसांनी आणखी एक गुरुवार, फ्रोनलाइखनाम म्हणजे पवित्र प्रसादाचा सण, सुट्टी. ईस्टर लवकर आला की हे सगळं मे महिन्यात गोळा होतं. २०२७ चा मे त्यासाठी नमुन्यादाखल घ्या: १ मे शनिवारी, म्हणजे २ तारखेचा रविवार धरून सलग दोन दिवस दुकानं बंद, ६ मे गुरुवार, १७ मे सोमवार, २७ मे परत गुरुवार. एका महिन्यात चार सुट्ट्या. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला, त्यामुळे स्वर्गारोहण २५ मेला आणि बाकीच्या दोन्ही जूनमध्ये ढकलल्या जातात. ज्यांच्या तारखा अजून ठरायच्या आहेत त्यांनी हे एवढं बघावं.

गुरुवारच्या सुट्ट्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. गुरुवारी सुट्टी, शनिवार-रविवार मोकळे, मधला शुक्रवार लोक रजा टाकून जोडतात. आपणही करतोच. ऑस्ट्रियन लोक या मधल्या दिवसाला ‘फेन्स्टरटाग’ म्हणतात, म्हणजे खिडकीचा दिवस. दोन भिंतींमधली खिडकी. शुक्रवारी दुकानं कायद्याने उघडी असतात, पण कोपऱ्यावरचं छोटं खाणावळवजा हॉटेल, दातांचा डॉक्टर, शिंपी यांच्या दारावर चिठ्ठी लटकलेली दिसते. आणि बुधवारी दुपारपासून साल्झबुर्गकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात. अशा आठवड्यात तिकिटाबरोबर आसनही आरक्षित करा. तिथे तिकीट असलं म्हणजे बसायला जागा असतेच असं नाही. तुम्ही बुधवारी १९ तारखेला निघताय, त्या आठवड्यात गुरुवारची सुट्टी नाही, त्यामुळे गाडीची मला चिंता वाटत नाही. साल्झबुर्गची वाटते. पेंटेकॉस्टनंतर सीमेपलीकडच्या बव्हेरियातल्या शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते आणि साल्झबुर्ग त्यांच्या अगदी दारात आहे. तिथलं, आणि जवळच्या हालस्टाट गावी जाणार असाल तर तिथलंही, राहण्याचं आत्ताच पक्कं करा.

बाकीच्या सुट्ट्यांबद्दल थोडं थोडं सांगते, कारण हे उत्तर वाचणारे सगळेच मे महिन्यात जाणार नाहीत.

गुड फ्रायडेचं आधी सांगते, कारण तिथे आपला अंदाज सपशेल चुकतो. भारतात गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी असते, मग कॅथलिक ऑस्ट्रियात ती असणारच, असं आपण धरतो. नसते. पूर्वी ती फक्त प्रोटेस्टंट आणि आणखी एक-दोन पंथांच्या लोकांना होती. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव आहे असं म्हटल्यावर सरकारने ती सगळ्यांना देण्याऐवजी काढूनच टाकली. हवी असेल त्याने आपल्या रजेतला एक दिवस त्यासाठी घ्यावा, अशी तोड काढली. त्यामुळे गुड फ्रायडेला दुकानं चालू. बंद असतो तो सरकारी ऑपेरा. त्या दिवशी आणि २४ डिसेंबरला तिथे प्रयोग होत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर हंगामच संपलेला असतो.

१ मेला आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा ‘श्टाट्सफायरटाग’. त्या दिवशी सोशल डेमोक्रॅट पक्षाचा मोर्चा सिटी हॉलसमोरच्या चौकात येतो. मे दिनाच्या मोर्चाची प्रथा १८९० पासूनची. सकाळी रिंगस्ट्रासे या गोलाकार मुख्य रस्त्यावरच्या ट्राम वळवतात, म्हणून रिंगवरून ट्रामने शहर बघण्याचा बेत दुपारनंतरचा ठेवा.

फ्रोनलाइखनामच्या सकाळी शहराच्या जुन्या भागातून, सेंट स्टीफन कॅथीड्रलजवळून मिरवणूक निघते. छत्राखाली पवित्र प्रसादाचं पात्र, मागे पाद्री, बँड, लोक. पालखी पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. फक्त कॅथीड्रल आतून बघायचं असेल तर अशा सणाच्या सकाळी जाऊ नका. प्रार्थना चालू असताना पर्यटकांना पुढे सोडत नाहीत.

१५ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन आणि त्यांचीही सुट्टी, पण ती मेरीच्या स्वर्गारोहणाची. २०२६ मध्ये हा शनिवार येतो, म्हणजे दुकानं शुक्रवारी रात्री बंद झाली की सोमवारी उघडणार.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना २६ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या दोन तारखा गाठतात. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे दोन्ही अगदी आसपास. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन. त्यामागची गोष्ट मला आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षं व्हिएन्नात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया अशा चार देशांचं सैन्य होतं. १५ मे १९५५ रोजी बेल्व्हेडेर राजवाड्यात करार झाला, परकीय सैन्य परत गेलं आणि २६ ऑक्टोबरला संसदेने कायमच्या तटस्थतेचा कायदा केला. विजयाचा नाही, राज्याभिषेकाचा नाही, ‘आम्ही कुणाच्या भांडणात पडणार नाही’ या कायद्याचा राष्ट्रीय दिन. तुम्ही व्हिएन्नात उतराल तो दिवस नेमका १५ मे आहे, मुलांना बेल्व्हेडेरमध्ये हे सांगता येईल. २६ ऑक्टोबरला हेल्डनप्लाट्झ या विशाल चौकात सैन्य आपली हेलिकॉप्टरं आणि रणगाडे मांडतं, मुलं त्यावर चढतात. बरीच संग्रहालयं त्या दिवशी फुकट किंवा सवलतीत आत सोडतात. दुकानं बंद असली तरी बाहेरगावच्या माणसासाठी वर्षातल्या उत्तम दिवसांपैकी हा एक.

१ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस. त्या दिवशी व्हिएन्ना आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं आणि दिवे घेऊन जातं. पितृपक्षातल्या जेवणावळी नाहीत, पण भाव तोच. मोठी दफनभूमी, त्सेंट्रालफ्रीडहोफ, १८७४ साली याच तारखेला सुरू झाली. बीथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स तिथेच आहेत. तिकडे ७१ क्रमांकाची ट्राम जाते, आणि एखादा गेला की व्हिएन्नातले लोक म्हणतात, ‘त्याने ७१ धरली.’ मी दोनदा गटाला या दिवशी तिथे नेलं. पहिल्यांदा लोक कुरकुरले, सहलीत स्मशान कशाला म्हणून. संध्याकाळी दिव्यांच्या ओळी पाहिल्यावर कुणी बोललं नाही. वेण्यांसारखा गुंफलेला गोड पाव त्या आठवड्यात बेकऱ्यांत दिसतो, तो आदल्या दिवशीच घ्या. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात हेही विसरू नका. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो.

नाताळ सगळ्यांत कडक. ८ डिसेंबरची सुट्टी सौम्य, त्या दिवशी दुकानं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडायला परवानगी आहे. पण २४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता दुकानं मिटतात, आणि ती संध्याकाळ घरातली असते. रस्ते रिकामे, बरीच हॉटेलं बंद, नाताळबाजारही त्या दिवशी लवकर आवरतात. २५ आणि २६ दोन्ही सुट्ट्या. २०२६ मध्ये २५ शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार, म्हणजे गुरुवारी दुपारी दोनपासून सोमवार सकाळपर्यंत नेहमीची दुकानं उघडणार नाहीत. या मुदतीत जाणाऱ्याने रात्रीच्या जेवणाची जागा आधी ठरवल्याशिवाय जाऊच नये. ३१ डिसेंबरला दुकानं अर्धवट, रात्रभर भुयारी रेल्वे चालू, मध्यरात्री कॅथीड्रलची मोठी घंटा, ‘पुमेरिन’, वाजते आणि लोक रस्त्यावरच वॉल्ट्झ नाचतात. १ जानेवारीला सुट्टी, ६ जानेवारीलाही. त्या दिवसांत घरांच्या दारांवर खडूने लिहिलेली अक्षरं आणि आकडे दिसतात: वर्षाचे आकडे आणि मध्ये तीन अक्षरं. येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांचे वेश घेतलेली मुलं गाणी म्हणत, दानासाठी पैसे गोळा करत फिरतात आणि दारावर ती खूण करून जातात. वर्षभर कुणी ती पुसत नाही.

शेजारच्या देशांचं थोडक्यात. सुट्ट्या सीमेवर बदलतात. स्लोव्हाकियात पेंटेकॉस्टच्या सोमवारी सुट्टी नसते, स्वर्गारोहण आणि फ्रोनलाइखनामचे गुरुवारही तिथे कामाचे. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नापासून रेल्वेने तासाभरावर आहे. खरेदीची फारच हौस असेल तर सोमवारी तिकडे जाऊन या. पार्न्डॉर्फचं मोठं आउटलेट ऑस्ट्रियातच येतं, ते त्या दिवशी बंद. हंगेरीत हा सोमवार सुट्टीचा, चेकियात नाही. पण प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट असा फेरा करणाऱ्यांनी चेकियाची ८ मे आणि २८ ऑक्टोबर, हंगेरीची २० ऑगस्ट आणि २३ ऑक्टोबर एवढ्या तारखा जरूर तपासाव्यात.

सासऱ्यांच्या औषधांबद्दल. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि पाच दिवसांची जास्तीची. ऑस्ट्रियात साधी डोकेदुखीची गोळीही सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, औषधाच्या दुकानातच जावं लागतं, आणि ती दुकानंही रविवारी आणि सुट्टीला बंद. पाळीने काही उघडी ठेवतात. बंद दुकानाच्या दारावर जवळचं कोणतं उघडं आहे ते लिहिलेलं असतं. १४५५ या क्रमांकावर फोन करूनही कळतं. रात्री किंवा सुट्टीला थोडा अधिभार लागतो. डॉक्टर हवा असेल तर १४१, रुग्णवाहिका १४४. हे तीन आकडे फ्रीजच्या दारावर चिकटवा.

आता तुमचे चार दिवस मी कसे लावेन ते सांगते. शनिवारी विमानतळावर किंवा अपार्टमेंटजवळच्या सुपरमार्केटमध्ये सहाच्या आत खरेदी: दूध, दही, बटाटे, फळं, ब्रेड, लोणी. रविवारी शॉनब्रुन, आजी-आजोबांना बागेत बसायला सावली भरपूर. संगीताची आवड असेल तर आधी हॉफबुर्ग या जुन्या राजवाड्याच्या चॅपलमध्ये सव्वानऊच्या प्रार्थनेला जा, तिथे व्हिएन्ना बॉइज क्वायर गाते. हा क्रम उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर दर रविवारी असतो. सोमवारी सकाळी बेल्व्हेडेर, दुपारी प्राटर, मुलांचा दिवस. गर्दी असेल, पण ती घरच्यांसारखी गर्दी, आजोबा-नातवंडांची. मंगळवारी नाशमार्क्ट आणि मारियाहिल्फर स्ट्रासेवरची खरेदी, साल्झबुर्गच्या वाटेतला खाऊही तेव्हाच.

आणि सासूबाईंचा सोमवार. साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट, सैंधव घरून न्या. तूप नेऊ नका; युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, बर्फी सगळं आलं. तिथलं बिनमिठाचं लोणी शनिवारी घ्या आणि रविवारी रात्री कढवून तूप करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि लोणी उत्कृष्ट असतं. हिरवी मिरची कदाचित मिळणार नाही, जिऱ्यावर भागवा. साबुदाणाही रविवारी रात्रीच भिजत घाला. पाणी थेट आल्प्समधलं, त्यामुळे खिचडी बिघडली तर पाण्याला दोष देता येणार नाही.